सहा सेंटिमीटरच्या आत

मेसेज आला तेव्हा प्यो सांगपिल किल्ली कापत होता. बुसान शहरातल्या सासांगच्या बस स्थानकासमोर, फुटपाथला टेकून त्याची पत्र्याची टपरी होती. एका बाजूला किल्ल्यांचं यंत्र आणि चाकू-कात्रीला धार लावायचे दगड, दुसऱ्या बाजूला चपला-बुटांचं काम आणि मधल्या हातभर जागेत तो, एकवीस वर्षं. समोर एक बाई नव्या भाडेकरूसाठी दुसरी किल्ली करून घ्यायला उभी होती. त्याने यंत्र चालू ठेवूनच डाव्या हाताने फोन पाहिला. ‘आपल्या नावे परदेशातून आलेल्या टपालात तलवारवर्गीय वस्तू आढळल्याने वितरण थांबवण्यात आले आहे.’ त्याने ते दोनदा वाचलं. बासष्टीच्या, गुडघे धरलेल्या, आयुष्यात कोणाच्या अंगावर हात न उचललेल्या माणसाला तलवार कोण पाठवणार? मग त्याने पाठवणाऱ्याचं नाव पाहिलं. ब्वेनोस आयरेस, आणि वहिनींचं नाव. तलवार म्हणजे काय ते त्याला तिथल्या तिथे कळलं. ‘अहो, झाली का?’ बाईने विचारलं, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की चाक किल्लीत नको तितकं खोल गेलं होतं. किल्ली फुकट गेली होती. असं किती वर्षांत झालं नव्हतं. त्याने यंत्राला दुसरी कोरी किल्ली लावली, आणि ती कापता कापता आतून काहीतरी वर येईल म्हणून वाट पाहिली. दात काढल्यावर माणूस आपलाच गाल चाचपून पाहतो, तसं त्याने स्वतःला चाचपून पाहिलं. काही नव्हतं. बाई गेली, मागून एक शाळकरी मुलगी तळ सुटलेले बूट घेऊन आली आणि त्याने डिंकाचा डबा उघडला.

मार्चमध्येही असंच झालं होतं. सकाळी दहाच्या सुमाराला वहिनींचा फोन आला, तिकडची रात्र होती. ‘भावोजी, हे गेले,’ एवढंच त्या म्हणाल्या, मग बराच वेळ प्रार्थनेसारखं काहीतरी पुटपुटत राहिल्या. सांगपिलने ‘हो’ म्हटलं, ‘बरं’ म्हटलं, ‘तुम्ही जेवून घ्या’ म्हटलं. फोन ठेवून त्याने समोरच्या टाचा बसवल्या, सहा जोड. संध्याकाळी घरी जाऊन बायकोला सांगितलं, ‘दादा वारला,’ आणि मग तो ताटावर बसला. मुळ्याची किमची जरा जास्त आंबली होती, तेही सांगितलं. बायको त्याच्याकडे बघत राहिली. त्यानंतर त्याने ही बातमी पंधरा-वीस जणांना सांगितली. शेजारच्या फळवाल्याला, मुलीला, डिंक पुरवणाऱ्या माणसाला. प्रत्येक वेळी भाव सांगावा तशी. लोक म्हणायचे, अरेरे, सख्खा भाऊ ना? तो म्हणायचा, सख्खाच. यंत्राच्या हादऱ्यांनी त्याच्या बोटांची टोकं गेली दहा वर्षं जड झाली होती. डॉक्टर म्हणाला होता, नसा दमल्या आहेत, काम सोडा. काम काय सोडणार? आता त्याला वाटायचं की ते जडपण बोटांवरून सरकत सरकत वर आलं असावं, आणि मनाशी पोचायला त्याला फारसं अंतर उरलं नसावं.

दुपारी त्याने मेसेजमधला नंबर लावला. पलीकडे एक तरुण मुलगी होती, कस्टमची अधिकारी नाम बोरा. आवाज सर्दीचा. तिने प्रकरण क्रमांक विचारला आणि कागद चाळले.

‘सर, घडीचा चाकू आहे. घडीच्या चाकूचं पातं सहा सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त असलं की तो तलवारीच्या कायद्यात जातो. तुमच्याचं सात पूर्णांक दोन भरतंय.’

‘चेस्टनट सोलायचा चाकू आहे तो.’

‘असेल. कायदा पातं मोजतो, सर, तुम्ही त्याने काय सोलता ते नाही.’ हे ती काही उद्धटपणे म्हणाली नाही. दिवसातून दहा वेळा म्हणावं लागत असणार. ‘तुमच्यापुढे तीन रस्ते आहेत. परत पाठवायचा, पोलिसांकडून परवाना आणायचा, नाहीतर नष्ट करायला संमती द्यायची. परवान्याला वैद्यकीय तपासणी लागते, महिना-दोन महिने जातात. आणि आमच्याकडे ठेवायची मुदत वीस तारखेला संपते.’

‘वैद्यकीय तपासणी कसली?’

‘म्हणजे... डोकं ठिकाणावर असल्याची.’

‘आणि संमतीला काय लागतं?’

‘फक्त सही. मेसेजवरूनही देता येते. बहुतेक जण तेच करतात.’

सही फक्त. सांगपिलने आभार मानले. परत पाठवण्यात अर्थ नव्हता, तिकडे आता तो घेणारं कोणी नव्हतं, म्हणून तर इकडे आला होता. उरली सही. अंगठ्याने एक चौकोन दाबायचा की झालं, त्यासाठी टपरीतून उठायचीही गरज नव्हती. त्याने अंगठा पडद्याजवळ नेला आणि मग, का कोण जाणे, आधी बायकोला, मालसुकला विचारू असं ठरवलं. खरं तर मालसुक काय म्हणेल हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि तेच ऐकायला तो घरी गेला.

मालसुक भात वाढत होती. तिने सगळं ऐकून घेतलं, पळी भातात तशीच उभी ठेवली आणि म्हणाली, ‘सही करून टाका.’

‘बाबांचा चाकू आहे.’

‘माहीत आहे कोणाचा आहे ते. आमच्याकडचे तुम्हाला बघायला आले तेव्हा माझ्या आईने पहिला प्रश्न काय विचारला होता, आठवतं? मुलगा थोरला की धाकटा? धाकटा म्हटल्यावर तिने चहाचा कप उचलला. थोरल्याच्या बायकोला आयुष्यभर श्राद्धाचं रांधावं लागतं, म्हणून मी धाकट्याला हो म्हटलं. तुमच्या रूपाला भाळून नव्हे.’

‘ते माहीत आहे.’

‘मग हेही माहीत असू द्या. श्राद्धाचा चाकू एकटा येत नसतो. आज चाकू येईल, उद्या पाटाचं निघेल, परवा पितळी वाट्यांचं, मग मासे, मग भज्यांचा घाणा. माझी कंबर बघताय ना? तिकडे तुमची वहिनी चर्चमध्ये जाऊन मोकळी झाली आणि हे लोढणं माझ्या गळ्यात.’

ती रागाने बोलत होती, पण तिचं चूक काही नव्हतं. सांगपिल मान खाली घालून जेवला. त्याला राग आला नाही, वाईटही वाटलं नाही. उलट आपण जे म्हणायला हवं होतं ते कोणीतरी सोयीस्करपणे म्हणून टाकलं म्हणून हायसं वाटायला हवं होतं, तेवढंही वाटलं नाही. जेवण झाल्यावर तो गॅलरीत कपडे वाळत घालायला गेला. समोरच्या इमारतीत कोणीतरी सफरचंद सोलत होतं, साल न तोडता, एका लांब पट्टीत, आणि तो ते काम संपेपर्यंत बघत उभा राहिला.

बाबा योंगदोच्या गोदीत हमाल होते. चाकू त्यांनी बंदराजवळच्या बाजारात घेतला होता, कुठल्या तरी परदेशी जहाजावरून उतरलेला. त्या काळी निम्मं बुसान जहाजांवरून उतरलेल्या मालावर जगत होतं आणि पातं मोजायला कोणाला सवड नव्हती. शिंगाची मूठ, तिच्या टोकाला एक तडा, तड्यात बाबांनी भरलेली काळी लाख. एरवी तो त्यांच्या खिशात असायचा. तंबाखू कापायला, सुतळी कापायला. पण आजोबांच्या श्राद्धाच्या दुपारी ते तो उकळत्या पाण्यातून काढायचे, पुसायचे आणि भिजवलेल्या चेस्टनटांचं भांडं पुढ्यात घेऊन भिंतीला टेकून बसायचे. बायकांचं रांधणं चुलीपाशी चाललेलं असायचं. चेस्टनट मात्र पुरुषाने सोलायचे. वरचं कडक टरफल काढायचं, मग आतलं तपकिरी साल तासायचं. पण नुसतं तासून चालत नाही. वरखाली सपाट काप घ्यायचा आणि बाजूंना पैलू पाडायचे, एकसारखे, म्हणजे ताटात एकावर एक रचता येतात आणि ढासळत नाहीत. दादा शेजारी बसायचा. सातवीत असल्यापासून दादाला एक-एक चेस्टनट मिळायचा. बाबा त्याच्या मुठीवर स्वतःची मूठ ठेवून हात फिरवायचे. सांगपिलच्या वाट्याला टरफलं. टरफलं वाटीत गोळा करायची आणि बाहेर टाकून यायची. एकदा त्याने विचारलं होतं, मी कधी? बाबा वर न बघता म्हणाले, ‘तुला कशाला? तुझा दादा आहे ना.’ त्यात अपमान नव्हता. आभाळ वर आहे म्हणावं तसं ते म्हणाले होते. पण टरफलांनी बोटं तपकिरी व्हायची, आणि शाळेत दोन दिवस तो हात खिशात घालून बसायचा.

दादा पंच्याऐंशी साली ब्वेनोस आयरेसला गेला. शिवणयंत्राच्या कामाला तिकडे माणसं हवी होती, आणि इकडे बुटांच्या कारखान्यात दादाचं वरिष्ठांशी जमत नव्हतं. बाबा तोवर गेलेले. विमानतळावर दादाने चाकू दाखवला. सामानाच्या तळाला, आईने शिवलेल्या कापडात गुंडाळलेला. ‘थोरला जिथे, श्राद्ध तिथे,’ तो म्हणाला. ‘तू काही मांडू नकोस हं. बाबा दोन घरी कसे जेवतील? गोंधळतील बिचारे.’ सांगपिल हसला होता. तेवीस वर्षांचा होता, त्याला बरंच वाटलं होतं. नंतर आई आजारी पडली. सहा वर्षं तिची उशी, तिचं पथ्य, तिचं रात्रीचं उठणं हे सगळं त्याच्या आणि मालसुकच्या दोन खोल्यांत झालं. दादा पैसे पाठवायचा, रविवारी फोन करायचा आणि लांबून रडायचा. आई गेल्यावर आला नाही, येऊ शकला नाही. दुकान नुकतंच घातलं होतं. फोनवर म्हणाला, ‘आईचंही मी इथेच करीन, बाबांच्या शेजारीच ताट मांडीन.’ तेव्हाही सांगपिलने ‘बरं’ म्हटलं. पण त्या रात्रीपासून त्याच्या मनात एक वाक्य जे बसलं ते आजतागायत उठलं नव्हतं: आईचं आजारपण माझ्याकडे आणि आईचं श्राद्ध दादाकडे. कोणाला बोलून दाखवलं नाही. दरवर्षी त्या तारखांना तो टपरी लवकर बंद करायचा, सार्वजनिक स्नानगृहात जाऊन गरम पाण्यात बसायचा आणि जगाच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी आपल्या आईला जेवू घालतंय ही गोष्ट मनात आणायचं टाळायचा. हळूहळू ते टाळणं इतकं सवयीचं झालं की दादाच मनातून टळला. रविवारचे फोन महिन्यावर आले, मग सणावर. दोघे हवेबद्दल बोलायचे. तुमच्याकडे थंडी? आमच्याकडे उन्हाळा. बोलायला तो विषय कधी आटत नसे, कारण दोन्हीकडे कायम उलटंच असायचं.

अठरा तारखेला तो टपरी बंद करून बंदरावरच्या कस्टमच्या कचेरीत गेला. सही मेसेजवर होत होती, तरी गेला. स्वतःला त्याने कारण दिलं की एवढ्या लांबून आलेली वस्तू न बघता मारून टाकणं बरं नाही. खटला न चालवता फाशी दिल्यासारखं होईल. नाम बोरा प्रत्यक्षात आवाजाहून लहान दिसत होती. टेबलावर नाक पुसायच्या कागदांचा डबा आणि एक लोखंडी मोजपट्टी. तिने सील केलेली पिशवी आणली, हातमोजे घातले, चाकू काढला आणि त्याच्यासमोर उघडून पट्टीला लावला.

‘टोकापासून मुठीपर्यंत. बघा तुम्हीच. बहात्तर मिलिमीटर.’

सांगपिल मूठ बघत होता. शिंग काळवंडलं होतं, तड्यात लाख होती तशीच. मग त्याने पातं पाहिलं आणि पुढे वाकला. एकवीस वर्षं धारेचं काम करणाऱ्या माणसाला पोलाद ओळखायला चष्मा लागत नाही. हे पातं नवं होतं. कोरं करकरीत. खिळ्याभोवती ताज्या कानशीचे ओरखडे होते. पन्नास वर्षं घासलेल्या पात्याचं पोट झिजून आत जातं, त्याची कमान होते. हे सरळ होतं. हा बाबांचा चाकू होता आणि नव्हता.

‘हे पातं बदललंय,’ तो म्हणाला.

‘ते आमच्या नोंदीत येत नाही, सर. संमतीचा कागद देऊ?’

‘एक फोन करतो.’

व्हरांड्यातल्या बाकावर बसून त्याने वहिनींना फोन लावला. तिकडे पहाट होत होती. त्यांनी लगेच उचलला, जाग्याच होत्या. त्याने वळसा न घालता विचारलं, वहिनी, पातं कोणी बदललं?

‘कळलं ना तुम्हाला? हे म्हणालेच होते, त्याला बघताक्षणी कळेल.’ वहिनी बोलता बोलता थांबत होत्या. ‘जुनं पातं उरलंच नव्हतं, भावोजी. यांनी त्यानेच दुकानातले दोरे कापले, त्यानेच फळं कापली, आणि श्राद्धाच्या आदल्या दिवशी दगडावर तासभर घासायचे. शेवटी माझ्या करंगळीएवढं राहिलं होतं. दवाखान्यात मला म्हणाले, हा सांगपिलकडे पाठव, पण असा नको पाठवू. श्राद्धाची वस्तू मोडकी पाठवायची नसते. आणि तो धारेचा माणूस आहे, हसेल. म्हणेल, दादाला चाळीस वर्षांत साधी धार लावता आली नाही. मग आमच्या मोठ्या मुलाने जाऊन चांगल्यातलं पातं बसवून आणलं. यांनी हातात घेऊन पाहिलं. तोवर बोलणं बंद झालं होतं, पण मान हलवली.’

करंगळीएवढं. म्हणजे जुनं पातं असतं तर ते पट्टीखालून सहज निसटलं असतं, कोणी थांबवलं नसतं, दहा दिवसांपूर्वी पोस्टमनने टपरीवर आणून दिलं असतं. दादाने मरता मरता नीटनेटकं करायला जाऊन ते कायद्यात अडकवलं होतं. आयुष्यभर त्याचं असंच. जे जसं आहे तसं चालेल असं त्याला कधी वाटलं नाही. सांगपिलला यावर हसू यायला हवं होतं. त्याने विचारलं, ‘तो माझ्या हसण्याला भ्यायचा?’

‘भ्यायचे कसले, तुमच्यावर जळायचे,’ वहिनी म्हणाल्या. ‘आईंचं सगळं तुम्ही केलंत आणि यांना काय मिळालं, तर फोटोपुढे ताट. दरवर्षी ताट मांडलं की म्हणायचे, आईला इथलं पाणी तरी सोसत असेल का गं? मी चर्चला जायला लागल्यापासून एकटेच दुकानाच्या मागच्या खोलीत करायचे. भावोजी, मला हे नाही करता येणार. माझा देव बसत नाही त्यात. मुलांना तर त्यातलं काही कळत नाही. मी यांना शब्द दिला पाठवण्याचा, तो पाळला. पुढचं तुम्ही बघा.’

फोन बंद झाल्यावर तो बाकावर बसून राहिला. गोदीतली क्रेन एक लाल पेटी उचलून दुसऱ्या लाल पेटीवर ठेवत होती. दादा आपल्यावर जळायचा, हे त्याने मनात दोन-चारदा म्हणून पाहिलं. ते त्याला शब्द म्हणून कळत होतं. एखादी रक्कम कळावी तसं. पण ज्या जागेवर ते लागायला हवं होतं ती जागा त्याला सापडत नव्हती. चाळीस वर्षं दोघांनी एकमेकांकडे असलेल्या आईचा हेवा केला आणि बोलले काय, तर हवा. तो उठला आणि आत गेला. संमतीचा कागद टेबलावर तयार होता, सहीच्या जागेवर पेन्सिलीची फुली.

‘हे पातं मी कमी केलं तर?’ त्याने विचारलं.

‘म्हणजे?’

‘कापून. इथेच, तुमच्यासमोर. सहाच्या आत आणून देतो.’

नाम बोराने नाक पुसलं आणि त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं. हा माणूस थट्टा करतोय की काय. मग ती वरिष्ठांच्या खोलीत गेली. काचेतून त्यांचे हातवारे दिसत होते. वरिष्ठ आधी नाही म्हणत असावेत, मग कुठलंसं पुस्तक उघडलं गेलं, मग ते दाराशी येऊन स्वतः सांगपिलला बघून गेले. वीस मिनिटांनी ती अर्जाचा नमुना घेऊन आली. अशी मागणी त्यांच्याकडे पूर्वी कोणी केली नव्हती, पण मनाई आहे असंही कुठे लिहिलेलं सापडलं नव्हतं. परवा, वीस तारखेला, सकाळी दहा वाजता. यंत्र तुमचं तुम्ही आणायचं, काम आमच्या देखरेखीखाली, आणि कापलेला तुकडा आमच्याकडे जमा.

‘तुकडा कशाला हवा?’

‘तो तलवारीचा भाग आहे ना, सर,’ ती गंभीरपणे म्हणाली.

घरी त्याने मालसुकला सांगितलं. वाद होईल म्हणून तो तयारीने बसला होता, पण तिने नुसतं विचारलं, ‘पातं का बदललं म्हणालात?’ त्याने पुन्हा सांगितलं. तिने भाजी निवडणं चालू ठेवलं. जुडी संपल्यावर म्हणाली, ‘भजी मी करणार नाही. बाजारात श्राद्धाची तयार मिळतात, ती आणायची. आणि माशाला मी हात लावणार नाही.’ तो हो म्हणाला. ‘तुम्हाला तरी कुठे येतात चेस्टनट सोलता?’ ती म्हणाली, आणि हे खरंच होतं. त्याला येत नव्हतं.

वीस तारखेला तो लहान यंत्र, कापायची चकती, दोन दगड आणि पाण्याचं वाडगं घेऊन गेला. त्यांनी मागच्या बाजूची, जप्त सामानाची खोली दिली. एका कोपऱ्यात बनावट बुटांचे ढीग होते आणि त्याने सवयीने त्यांच्या शिलाईकडे नजर टाकली, वाईट नव्हती. वरिष्ठ हाताची घडी घालून दाराशी उभे राहिले, नाम बोरा मोजपट्टी घेऊन शेजारी. त्याने पात्यावर टोकापासून तेरा मिलिमीटरवर खूण केली. चकती लागली तशा ठिणग्या उडाल्या आणि वरिष्ठ एक पाऊल मागे सरले. सांगपिल घाई करत नव्हता. पोलाद तापून निळं पडलं की त्याचा जीव जातो, मग कितीही घासा, धार धरत नाही. दोन सेकंद कापायचं, पाण्यात बुडवायचं, पुन्हा कापायचं. पाण्यात दर वेळी चुर्र आवाज व्हायचा. टोक सुटून टेबलावर पडलं, एवढंसं त्रिकोणी. नाम बोराने ते चिमट्याने उचलून पिशवीत टाकलं आणि वर क्रमांक लिहिला. मग त्याने नवं टोक गोल घडवलं, आधी यंत्रावर, मग खरखरीत दगडावर, मग मऊ दगडावर. एकदा वरिष्ठ म्हणाले, पुरे झालं की, आता कमीच आहे. तो म्हणाला, ‘जरा थांबा साहेब. असं नाही ठेवता येत.’ पोलाद चांगलं होतं. थोरल्या पुतण्याने खरंच चांगल्यातलं घेतलं होतं. दादाने हे हातात धरून मान हलवली असेल तेव्हा त्याने धारेवरून अंगठा फिरवला असेल का, आणि त्याला वाटलं असेल का की ही धार दुकानातली आहे, सांगपिल ती पुन्हा लावील? वाटलंच असणार. सांगपिल अर्धा तास धार लावत राहिला.

पट्टीवर एकोणसाठ भरले. वरिष्ठांनी स्वतः दोनदा मोजलं, समाधानाने हुंकार दिला आणि निघून गेले. नाम बोराने त्याला टेबलापाशी बसवून शेवटचा कागद काढला. वापराचं निवेदन, फाइलला लागतं, ती म्हणाली. तीच विचारत होती आणि तीच लिहीत होती.

‘वस्तू कोणाकडून?’

‘माझ्या थोरल्या भावाकडून.’

‘उपयोग?’

‘चेस्टनट सोलायला. श्राद्धाचे.’

ती लिहिताना थांबली. ‘आमच्याकडेही बाबाच सोलतात,’ म्हणाली. ‘मला देत नाहीत. मुलींना देत नाहीत म्हणे.’

‘धाकट्यांनाही देत नाहीत,’ सांगपिल म्हणाला.

ती जराशी हसली. ‘वर्षातून अंदाजे किती वेळा?’

हा प्रश्न त्याला अपेक्षित नव्हता. आजवर त्याच्या घरी एकदाही झालं नव्हतं. म्हणून त्याने दादा काय काय करायचा ते बोटांवर मोजलं. बाबांचं. आईचं. नवीन वर्षाचं. शरदातल्या चुसोक सणाचं. ‘चार,’ तो म्हणाला. तिने चार लिहिलं आणि कागद सहीसाठी त्याच्याकडे फिरवला. त्याने पेन उचललं. आकड्याकडे बघत राहिला.

‘थांबा,’ तो म्हणाला. ‘पाच.’

‘पाचवं कशाचं?’

अकरा आठवड्यांत ही गोष्ट त्याने फळवाल्याला सांगितली होती, डिंकवाल्याला सांगितली होती, एका अनोळखी गिऱ्हाइकालाही सांगितली होती. आता तोंड उघडलं आणि आवाजच निघाला नाही. दादा ताटाच्या अलीकडे बसलेला होता, कायम. चाकू हातात घेऊन, भिंतीला टेकून, बाबांसाठी, आईसाठी. तो पलीकडे जाऊन बसेल, त्याच्यासाठी कोणी सोलत बसेल, आणि ते कोणी म्हणजे आपण, हे सांगपिलच्या कधी मनातच आलं नव्हतं.

‘माझ्या दादाचं,’ तो म्हणाला, आणि पुढचा शब्द फुटला तो शब्द नव्हता. त्याला रडू आलं. लाज वाटण्याइतकं, खांदे हलण्याइतकं आलं. नाम बोराने कागदांचा डबा त्याच्याकडे सरकवला, नजर वर न करता चारवर रेघ मारली आणि बाजूला पाच लिहिलं.

‘काका,’ मग ती हळू आवाजात म्हणाली, ‘जिथे खोडलंय तिथे एक सही लागेल.’

त्याने पेन टेकवलं, पण त्याला ओळ दिसत नव्हती. तिने बोट ठेवून दाखवली.